नॅनोकण स्वतः वळतो का? प्रकाशाने तपासण्याची रीत

लोखंडाच्या ऑक्साइडचे नॅनोकण पाण्यात पसरवून त्यांच्यावर सतत दिशा बदलणारे, म्हणजे एसी चुंबकीय क्षेत्र लावले, की क्षेत्राच्या मागे जायला प्रत्येक कणाकडे दोन वाटा असतात. एक तर भोवतालचे पाणी सारत त्याने सगळ्या अंगानिशी वळायचे. नाहीतर जागचे न हलता आतला चुंबकीय मोमेंट तेवढा पलटवायचा. पहिल्या वाटेला ब्राउन शिथिलन म्हणतात, दुसरीला नील शिथिलन. कोणता कण कोणती वाट धरतो, यावर पुढचे बरेच काही ठरते. कर्करोगाच्या गाठीत कण सोडून १०० किलोहर्ट्झच्या आसपासच्या क्षेत्राने ती तापवण्याच्या उपचारात कण पेशींमध्ये अडकून बसतात. त्यांना वळता येत नाही, म्हणून तिथे नीलची वाटच कामाची. रक्तातले एखादे प्रथिन ओळखणाऱ्या सेन्सरमध्ये याच्या उलट असते. प्रथिन चिकटले की कण जाड होतो आणि वळायला जास्त वेळ घेतो. तो वाढलेला वेळच मोजायचा असतो, आणि आतल्या आत पलटणारा मोमेंट तिथे निरुपयोगी ठरतो.

नमुन्याभोवती संवेदक कॉइल गुंडाळून चुंबकन मोजणे ही नेहमीची रीत. पण कॉइलला दोन्ही वाटांची बेरीजच कळते. प्रकाशाला त्या वेगळ्या काढता येतात, तेही एमएस्सीच्या प्रयोगशाळेला परवडेल अशा सामानात. ती मांडणी कशी करायची आणि मुख्य म्हणजे मिळालेल्या सिग्नलवर विश्वास कधी ठेवायचा, हे या लेखात सांगतो. सिग्नल मिळवणे फारसे अवघड नाही. तो कणांचाच आहे याची खात्री करणे हे खरे काम, आणि वेळ तिथेच घालवावा.

दोन परिणाम, दोन वारंवारता

१८४५ मध्ये मायकेल फॅरडेने दाखवले, की प्रकाश चुंबकीय क्षेत्राच्या दिशेने काचेतून गेला तर त्याच्या ध्रुवीकरणाचे प्रतल वळते. चुंबकीय द्रवात हे वळणे चुंबकनाच्या प्रमाणात असते. चुंबकनाची दिशा उलटली की वळणही उलटते, त्यामुळे सिग्नल क्षेत्राच्याच वारंवारतेला मिळतो.

दुसरा परिणाम क्षेत्राला काटकोनात जाणाऱ्या प्रकाशाचा. कॉटन आणि मूटन यांनी १९०७ मध्ये त्याचा अभ्यास केला. कण किंचित लांबट असले, किंवा दोन-चार गाभे मिळून झालेले लांबट पुंजके असले, तर क्षेत्रात ते एका रेषेत येतात. मग क्षेत्राला समांतर ध्रुवित प्रकाश जास्त शोषला जातो आणि लंब ध्रुवित प्रकाश कमी. याला डायक्रोइझम म्हणतात. लांबट कण उलटा केला तरी प्रकाशाला तसाच दिसतो, म्हणून क्षेत्राच्या एका आवर्तनात हा परिणाम दोनदा येतो. सिग्नल दुप्पट वारंवारतेला मिळतो.

वेगळे काढण्याची किल्ली इथेच आहे. दुप्पट वारंवारतेचा सिग्नल कणाचे अंग वळल्याशिवाय येत नाही, तर फॅरडेचा सिग्नल मोमेंट कसाही वळला तरी येतो. सुरुवात डायक्रोइझमपासून करावी असे माझे स्पष्ट मत आहे. त्याला दुसरा पोलरायझर लागत नाही, जुळवणी सोपी असते आणि चूक पकडायला उत्तम कसोट्या हाताशी असतात. आपल्याकडे भावनगर विद्यापीठात आर. व्ही. मेहता यांच्या गटाने चुंबकीय द्रवांच्या प्रकाशीय गुणधर्मांवर दीर्घकाळ काम केले आहे. प्रकल्प हाती घेणाऱ्याने त्यांचे शोधनिबंध जरूर मिळवून वाचावेत.

सामान घेण्याआधी आकडेमोड

ब्राउन शिथिलनाचा काळ काढणे सोपे आहे. द्रवाची श्यानता गुणिले कणाचे आकारमान गुणिले तीन, आणि त्याला बोल्ट्झमन स्थिरांक व केल्विनमधले तापमान यांच्या गुणाकाराने भागायचे. आकारमान गाभ्याचे नव्हे, तर वरचा लेप आणि त्याला धरून असलेले पाणी यांसह घ्यायचे. २० अंश सेल्सिअसच्या पाण्यात १०० नॅनोमीटर व्यासाच्या कणासाठी हा काळ सुमारे ०.३९ मिलिसेकंद येतो. ५० नॅनोमीटरसाठी तो सुमारे ४९ मायक्रोसेकंद आणि २० नॅनोमीटरसाठी सुमारे ३ मायक्रोसेकंद. व्यास निम्मा झाला की काळ आठपटीने घटतो.

नीलचा काळ याहूनही झपाट्याने बदलतो, कारण गाभ्याचे आकारमान तिथे घातांकात बसते. मॅग्नेटाइटच्या ठोकळ्यासाठीचे स्थिरांक धरले, तर १० नॅनोमीटरच्या गाभ्यातला मोमेंट काही नॅनोसेकंदांत पलटतो, आणि २५ नॅनोमीटरच्या गाभ्यात त्याच गोष्टीला मिनिटे लागतात. म्हणून कण विकत घेताना माहितीपत्रकात एकच व्यास दिलेला असेल, तर तो गाभ्याचा की एकूण, हे विक्रेत्याला विचारून घ्या.

पहिल्या प्रयोगासाठी पाण्यातले, डेक्स्ट्रानसारखा लेप असलेले, बहुगाभी, १०० नॅनोमीटरच्या आसपासचे कण घ्या. त्यांची महत्त्वाची वारंवारता, म्हणजे सिग्नल ९० अंश मागे पडतो ती (तिच्याविषयी पुढे येईल), ५०० हर्ट्झच्या जवळ येते आणि साध्या साधनांनी सहज मोजता येते. अगदी गोल, एकेकटे आणि बारीक कण घेतलेत तर डायक्रोइझम जवळजवळ दिसणारच नाही.

नमुना

मूळ द्रव काळा असतो, त्यातून लेसर जात नाही. लेपाला साजेशा पाण्याने किंवा बफरने तो पातळ करत न्या, फिक्या कोऱ्या चहाचा रंग येईपर्यंत. नंतर नुसत्या पाण्याच्या तुलनेत किती प्रकाश पार जातो ते मोजा. सुमारे ३७ टक्के प्रकाश पार जातो तेव्हा बदलाचा सिग्नल सर्वांत मोठा असतो. याहून दाट नमुन्यात प्रकाशच उरत नाही आणि पातळ नमुन्यात कणच पुरेसे नसतात. १ सेंटिमीटरची, चारही बाजूंनी पारदर्शक क्युव्हेट चालेल. प्लास्टिकची क्युव्हेट टाळा, कारण तिच्यातल्या ताणामुळे ध्रुवीकरण बिघडते. भरण्यापूर्वी नमुना ०.२ मायक्रॉनच्या सिरिंज फिल्टरमधून गाळा. बारीक गाठी क्षेत्रात साखळ्या करतात आणि सगळे मोजमाप नासवतात.

कॉइल

प्रकाशाला आडवे क्षेत्र हवे, म्हणून हेल्महोल्ट्झ जोडी उत्तम. समान त्रिज्येच्या दोन कॉइल त्रिज्येएवढ्या अंतरावर समोरासमोर ठेवायच्या. प्रत्येकी १०० वेढे आणि ४ सेंटिमीटर त्रिज्या धरली, तर १ अँपिअरला मध्यभागी सुमारे २.२ मिलिटेस्ला मिळतात. सुरुवातीला एवढे क्षेत्र पुरते. सांगाडा ॲक्रिलिकचा, लाकडाचा किंवा थ्रीडी प्रिंटरवर काढलेला असावा. ॲल्युमिनियमचा सुबक सांगाडा कितीही मोह पाडो, त्यात भोवरी प्रवाह निर्माण होतात, क्षेत्र कमी होते आणि त्याची फेज सरकते.

चालवायला ऑडिओ ॲम्प्लिफायर घ्या. वारंवारता वाढली की कॉइलचा अडथळा वाढतो. वरच्या जोडीचे इंडक्टन्स अडीच मिलिहेन्रीच्या आसपास भरेल, म्हणजे ५ किलोहर्ट्झला जवळपास ८० ओहम. तिथे १ अँपिअर काढायचा तर ॲम्प्लिफायर दमतो. मग सुमारे ०.४ मायक्रोफॅरडचा फिल्म कपॅसिटर क्रमाने जोडून मंडल अनुनादात आणायचे. सावध राहा: अनुनादात कपॅसिटरवर शंभराहून जास्त व्होल्ट येतात. त्याची क्षमता काही शे व्होल्टची असावी, जोडण्या झाकलेल्या असाव्यात आणि चालू मंडलाला कोणी हात लावू नये.

क्षेत्राची फेज जनरेटरच्या व्होल्टेजवरून कधीही धरू नका, कारण कॉइलमधला प्रवाह त्याच्या मागे असतो. कॉइलच्या क्रमाने १ ओहमचा, तार न गुंडाळलेला रोध जोडा आणि त्यावरचा व्होल्टेज हाच संदर्भ माना.

प्रकाश आणि वाचन

६५० नॅनोमीटरचा तांबडा लेसर मॉड्यूल पुरे. लोखंडाचे ऑक्साइड निळा प्रकाश फार शोषते, तांबडा बराच जाऊ देते. लेसर ५ मिलिवॉटच्या आतला घ्या, आणि तरीही किरणाच्या रेषेत डोळा आणू नका. तो कॉइलपासून हातभर लांब ठेवा, नाहीतर क्षेत्र त्याच्या ड्रायव्हरमध्ये शिरते. वीस-पंचवीस मिनिटे तापू दिल्याशिवाय मोजमाप सुरू करू नका. लेसरनंतर अंश दाखवणाऱ्या चकतीत बसवलेला पोलरायझर, मग क्युव्हेट आणि शेवटी फोटोडायोड. बीपीडब्ल्यू-३४ सारखा स्वस्त फोटोडायोड आणि एका ऑप-ॲम्पचा प्रवाह-ते-व्होल्टेज ॲम्प्लिफायर एवढ्यावर काम भागते.

विभागात लॉक-इन ॲम्प्लिफायर असेल तर त्याचा संदर्भ दुप्पट वारंवारतेवर लावा. नसेल तर संगणकाचे स्टिरिओ साउंड कार्ड बऱ्यापैकी काम करते. एका वाहिनीला रोधावरचा व्होल्टेज, दुसरीला फोटोडायोडचा. पायथनमध्ये नोंद घेऊन तिला दुप्पट वारंवारतेच्या साइन आणि कोसाइनने गुणा आणि सरासरी काढा, की आयाम आणि फेज दोन्ही मिळतात. यात दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. साउंड कार्ड स्थिर व्होल्टेज वाचत नाही, म्हणून प्रकाशाची सरासरी तीव्रता मल्टिमीटरने वेगळी लिहून ठेवा आणि प्रत्येक सिग्नलला तिने भागा. शिवाय आवाज आपोआप कमी-जास्त करणारी सोय बंद करा, नाहीतर आयामाला अर्थच राहत नाही. ४८ किलोहर्ट्झने नमुने घेणारे कार्ड असेल, तर क्षेत्राची वारंवारता १० किलोहर्ट्झच्या आतच ठेवावी लागते.

फोटोडायोडच्या ॲम्प्लिफायरलाही स्वतःचा उशीर असतो. लेसरच्या जागी एलईडी ठेवून तो सिग्नल वाचायच्या, म्हणजे दुप्पट वारंवारतांना जनरेटरने चालवा, फेज किती सरकते ते नोंदवा आणि नंतर प्रत्येक वाचनातून वजा करा. खोलीतले दिवे १०० हर्ट्झने लुकलुकतात, कारण आपली वीज ५० हर्ट्झची. म्हणून ५० आणि तिच्या पटींतल्या वारंवारता टाळा. ३७, ८३, १७०, ५३० अशा निवडा.

सिग्नलची झडती

आता पडद्यावर दुप्पट वारंवारतेचा सुंदर शिखरबिंदू दिसेल. लगेच आनंद मानू नका. दुप्पट वारंवारतेला खोटा सिग्नल येण्याची कारणे भरपूर आहेत. दोन कॉइल एकमेकींना प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात ओढतात, म्हणजे त्यांची थरथरही दुप्पट वारंवारतेचीच असते. टेबल हलले, क्युव्हेट हलली, किरण फोटोडायोडवर इकडेतिकडे सरकला, की नेमका हवा तसा दिसणारा सिग्नल तयार होतो. ॲम्प्लिफायरची विकृतीही दुसरा हार्मोनिक देते.

पहिल्यांदा किरण कागदाने अडवा आणि क्षेत्र चालू ठेवा. काही उरले तर ते तारांमधून शिरलेले आहे. जोडण्या आखूड करा, आवरण असलेली केबल वापरा. मग क्युव्हेटमध्ये नुसते पाणी भरा आणि करड्या फिल्टरने प्रकाश नमुन्याएवढा मंद करा. आता जे उरते ते कंपनाचे. कॉइल आणि प्रकाशाचे सामान वेगवेगळ्या पाट्यांवर बसवले की ते बहुतेक नाहीसे होते.

खरी कसोटी पोलरायझरची. निव्वळ कण रेषेत येण्यामुळे बदल होत असेल, तर समांतर प्रकाश सापेक्ष प्रमाणात जेवढा घटतो, त्याच्या बरोबर निम्म्याने लंब प्रकाश वाढला पाहिजे. चिन्हे उलट, प्रमाण दोनास एक. आणि पोलरायझर क्षेत्राशी ५४.७ अंशांवर आणला की सिग्नल शून्य व्हायला हवा, कारण त्या कोनात दोन्ही परिणाम एकमेकांना पुसून टाकतात. कंपनाला आणि तारांतून शिरलेल्या सिग्नलला हा कोन ठाऊक नसतो. साखळ्या होत असतील तर प्रकाशाचे विखुरणे बदलते, दोनास एक हे प्रमाण बिघडते आणि बहुधा या कोनातही काहीतरी शिल्लक राहते. माझ्या दृष्टीने या प्रयोगातले सर्वांत मोलाचे वाचन हेच. ५४.७ अंशांचे वाचन जोडलेले नसेल तर बाकीच्या आलेखांवर विसंबू नये.

कमी क्षेत्रात सिग्नल क्षेत्राच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, म्हणून प्रवाह निम्मा केला की तो चौथाई व्हायला हवा आणि फेज जागची हलायला नको. फेज हलली तर क्षेत्र जास्त आहे, ते कमी करा. नमुना दुप्पट पातळ करूनही फेज तीच राहिली, तर कण एकमेकांच्या वाटेत येत नाहीत एवढे समजावे.

शेवटी ग्लिसरीन. कण तितकेच ठेवून वजनाने निम्मे ग्लिसरीन मिसळले, की २० अंशांना श्यानता पाण्याच्या सुमारे सहापट होते. कणाचे अंग खरेच वळत असेल तर त्याचा काळही तितक्याच पटीने लांबतो. ५० नॅनोमीटरचे कण वापरायचे असतील तर याचा दुहेरी लाभ होतो: कसोटीही होते आणि ४ किलोहर्ट्झजवळचे मोजमाप ७०० हर्ट्झच्या खाली उतरते.

फेज काय सांगते

झडतीतून सुटलेल्या सिग्नलची फेज वारंवारता वाढवत मोजत जा. संदर्भ प्रवाहाच्या वर्गाचा घ्या, आणि सर्वांत कमी वारंवारतेची फेज शून्य माना. वारंवारता वाढेल तसा कण मागे पडत जातो.

मोमेंट कणाला घट्ट बांधलेला असेल, तर मागे पडणे दोन टप्प्यांचे असते. आधी मोमेंटची सरासरी दिशा क्षेत्राच्या मागे पडते, मग त्या दोघांमुळे येणारी रेषाबद्धता आणखी मागे राहते. एकूण उशीर ९० अंश ओलांडतो आणि उंच वारंवारतांना १८० अंशांकडे जातो. तो बरोबर ९० अंश होतो तेव्हा २ पाय गुणिले वारंवारता गुणिले ब्राउनचा काळ यांचा गुणाकार १.२२ असतो. एवढ्या एका बिंदूवरून काळ निघतो, काळावरून आकारमान आणि त्यावरून व्यास. त्याच वारंवारतेला आयाम सुरुवातीच्या जवळपास निम्म्यावर आलेला असला पाहिजे. तसा नसेल तर नमुन्यात आकारांची सरमिसळ आहे आणि एकच व्यास सांगणे योग्य नाही.

मोमेंट आतल्या आत झटपट पलटणारा असेल, तर पहिला टप्पा नाहीसा होतो. लांबट पुंजका मग फक्त क्षेत्राच्या वर्गाला प्रतिसाद देतो आणि उशीर कितीही उंच वारंवारतेला ९० अंशांपलीकडे जात नाही. म्हणजे फेजचा वक्र ९० अंशांची रेषा ओलांडतो की तिच्याखालीच थबकतो, एवढे पाहूनही मोमेंट बांधलेला आहे की मोकळा, याचा अंदाज येतो.

या सगळ्यात तापमानाकडे दुर्लक्ष करून चालत नाही. पाण्याची श्यानता २० अंशांना १.०, तर ३० अंशांना ०.८ मिलिपास्कल-सेकंद असते. जानेवारीत घेतलेला आकडा आणि मे महिन्यातला आकडा यांत नुसत्या ऋतूमुळेच वीस टक्क्यांहून जास्त फरक पडू शकतो. शिवाय कॉइल स्वतः तापते. क्षेत्र थोडा वेळच चालू ठेवा, मध्ये विश्रांती द्या, आणि प्रत्येक फेरीच्या आधी व नंतर क्युव्हेटमधल्या द्रवाचे तापमान लिहा.

फॅरडेकडे वळायचे असेल तर

डायक्रोइझम जमला की हीच मांडणी बदलून फॅरडे मोजता येते. लेसर कॉइलच्या अक्षावरून, म्हणजे क्षेत्राच्या दिशेने जाऊ द्या, आणि क्युव्हेटनंतर दुसरा पोलरायझर पहिल्याशी ४५ अंशांवर लावा. वळण्याचा कोन लहान असतो. तो काढायला क्षेत्राच्याच वारंवारतेचा आयाम सरासरी तीव्रतेने भागायचा आणि निम्मा करायचा, उत्तर रेडियनमध्ये येते. ५४.७ अंशांची कसोटी इथे चालत नाही. तिच्याऐवजी दुसरा पोलरायझर उणे ४५ अंशांवर नेऊन पाहा. खऱ्या फॅरडे सिग्नलचे चिन्ह उलटते, तारांतून शिरलेल्याचे उलटत नाही. पाणी आणि काच यांचाही स्वतःचा फॅरडे परिणाम असतो. पिवळ्या प्रकाशात पाण्यासाठी तो टेस्ला-मीटरमागे सुमारे ३.८ रेडियन असतो, तांबड्यात थोडा कमी. कणांचा परिणाम याच पातळीवर असू शकतो, म्हणून नुसत्या पाण्याने भरलेल्या त्याच क्युव्हेटचे वाचन फेजसकट वजा केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मग एकाच नमुन्याचे, एकाच तापमानाचे दोन्ही वक्र शेजारी ठेवा. ग्लिसरीन घातल्यावर डायक्रोइझमचा वक्र खालच्या वारंवारतांकडे सरकला आणि फॅरडेचाही तितकाच सरकला, तर नमुन्यातले बहुतेक कण अंगाने वळत आहेत. फॅरडेच्या वक्राचा काही भाग सरकला आणि काही जागीच राहिला, तर जागीच राहिलेला हिस्सा नीलच्या वाटेने जाणाऱ्या कणांचा. दोन्ही वाटांचा वाटा किती, हे त्या दोन भागांच्या उंचीवरून काढता येते.